आर्सेनिक तपासणीचं डिजिटल किट पहिल्यांदा हातात घेताना

ठाण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या एखाद्या संस्थेबरोबर तुम्ही नव्यानं पाण्याच्या कामाला लागला असाल आणि येत्या रविवारी शहापूर नाहीतर मुरबाडच्या पाड्यांवर किट घेऊन जायचं ठरलं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. रसायनशास्त्राची पदवी लागत नाही. घड्याळ लावून काम करायची सवय, स्वच्छ हात आणि जागच्या जागी लिहून ठेवायची शिस्त एवढं असलं तरी भागतं.

एक गोष्ट मात्र निघण्याआधीच पक्की समजून घ्या. मीटरच्या पडद्यावर आकडा येतो, पण मीटर पाण्याला शिवतही नाही. कागदाच्या एका चकतीवर पिवळा डाग किती गडद पडलाय, एवढंच ते मोजतं. पाणी कुठून घेतलं, कधी घेतलं, बाटली कशी विसळली, पुडी शेवटच्या कणापर्यंत रिकामी झाली का, हे सगळं त्या डागाच्या आधी घडलेलं असतं आणि ते तुमच्या हातात असतं. डिजिटल किटमुळे फक्त शेवटची पायरी सोपी झाली आहे. आधीच्या पायऱ्या पूर्वीइतक्याच निगुतीनं कराव्या लागतात.

ठाणे जिल्ह्यात आर्सेनिक शोधायचं कशासाठी?

पाण्यात विरघळणाऱ्या आर्सेनिक या विषारी मूलद्रव्याचं सगळ्यात मोठं संकट गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या प्रदेशात आहे. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये १९८३ साली डॉ. के. सी. साहा यांच्याकडे पश्चिम बंगालच्या खेड्यांतले त्वचारोगाचे रुग्ण आले आणि त्यांच्या दुखण्याचं मूळ नळकूपाच्या, म्हणजे जमिनीत नळी घालून केलेल्या बोअरच्या, पाण्यात निघालं. बांगलादेशात हे १९९३ मध्ये उघड झालं. बिहारमध्ये २००२ साली भोजपूर जिल्ह्यातल्या सेमरिया ओझापट्टी गावाचं नाव पुढे आलं. हिमालयातून वाहत आलेल्या गाळात लोहाच्या कणांना आर्सेनिक चिकटलेलं असतं. गाळातला सेंद्रिय भाग कुजताना प्राणवायू संपतो, सूक्ष्मजीव लोह विरघळवतात आणि त्याच्याबरोबर आर्सेनिकही सुटून भूजलात उतरतं. यात कारखान्यांचा काही हात नाही. उथळ नळकूपांत ते जास्त सापडतं आणि हवा खेळणाऱ्या उघड्या विहिरीत सहसा कमी, त्याचं कारण हेच.

आपल्याकडे जमिनीखाली काळा पाषाण. सह्याद्रीच्या पायथ्याच्या विहिरींना पाणी येतं ते मुरमातून आणि बसाल्टच्या भेगांतून. महाराष्ट्राच्या भूजलाची नेहमीची दुखणी म्हणजे नायट्रेट, खारेपणा आणि विदर्भ-मराठवाड्याच्या काही भागांत फ्लोराइड. गंगेच्या खोऱ्यासारखा आर्सेनिकचा पसरलेला प्रश्न इथे नोंदलेला नाही. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडचं ठळक ठिकाण म्हणजे छत्तीसगडमध्ये, पूर्वीच्या राजनांदगाव जिल्ह्यातलं कौडीकसा. तिथे नदीचा गाळ नाही, खडकातूनच आर्सेनिक पाण्यात येतं.

याचा सरळ अर्थ असा की मुरबाड-शहापूरच्या हापशांवर तुम्हाला बहुतेक वेळा शून्य किंवा शून्याच्या आसपासचं रीडिंग मिळेल. मग तपासायचं कशाला, असा प्रश्न पडेल. माझं उत्तर असं की शून्य हासुद्धा निष्कर्ष आहे, आणि तो छातीठोकपणे सांगायचा तर त्यामागे पुरावा लागतो. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा, अंबरनाथ, बदलापूर इथल्या औद्योगिक वसाहतींच्या कडेच्या गावठाणांत अजून बोअरचं पाणी वापरात आहे, आणि रासायनिक कारखान्यांच्या शेजारच्या भूजलात काय मुरतंय ते तपासल्याशिवाय कळत नाही. भिवंडी तालुक्यात गणेशपुरी-वज्रेश्वरीला गरम पाण्याची कुंडं आहेत. जमिनीच्या पोटातून येणाऱ्या गरम पाण्यात जगात अनेक ठिकाणी आर्सेनिक आढळलेलं आहे, म्हणून त्या भागातल्या पिण्याच्या विहिरी यादीत ठेवाव्यात असं मला वाटतं. शिवाय इथे शिकून पुढे बिहार-बंगालमध्ये कामाला जाणारी मुलं असतात. तुर्भे, दिघा, दिवा इथल्या वस्त्यांत बलिया-भोजपूरकडची कुटुंबं राहतात. त्यांच्यापैकी कुणाच्या तळहातांवर, तळपायांवर खडबडीत गाठी दिसल्या, छातीपाठीवर पावसाच्या थेंबांसारखे गडद-फिकट ठिपके दिसले, तर 'गावाकडे पाणी कुठलं पीत होता?' एवढा एक प्रश्न विचारा आणि त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवा. हे दुखणं दिसायला पाच-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. माणूस मुंबईकडे येऊन स्थिरावतो आणि पाणी मात्र मागे गावातलं असतं.

मर्यादा आणि एककं

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजेच १० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा आकडाही १०. एका लिटरमध्ये एका ग्रॅमचा एक लाखावा भाग, इतकं ते कमी असतं. पीपीबी (अब्जात किती भाग) आणि लिटरमागे मायक्रोग्रॅम हे व्यवहारात एकच धरा. प्रयोगशाळेचा अहवाल मात्र बहुधा मिलिग्रॅममध्ये येतो आणि तुमचं मीटर मायक्रोग्रॅममध्ये बोलतं. फॉर्मवर एकक छापूनच घ्या. ०.०५ आणि ५० एकच आहेत हे थकलेल्या माणसाला संध्याकाळी पाच वाजता सुचत नाही.

बाटलीत काय घडतं

सगळी किट मुळात एकाच जुन्या अभिक्रियेवर चालतात, गुट्झाइट पद्धत म्हणतात तिला. पाण्यात आम्ल टाकायचं, मग जस्ताची पूड किंवा सोडियम बोरोहायड्राइडची गोळी. हायड्रोजन फसफसून वर येतो आणि पाण्यातलं आर्सेनिक त्याच्याशी जोडलं जाऊन आर्सिन नावाचा वायू तयार होतो. बाटलीच्या तोंडाशी मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेला कागद असतो. आर्सिन त्याला लागला की कागद आधी फिकट पिवळा, मग गडद पिवळा आणि जास्त असेल तर तपकिरी होतो.

पूर्वी हा रंग छापील पट्टीशी ताडून पाहायचे. पट्टीवर १०, २५, ५० अशा उड्या असतात. झाडाच्या सावलीत एकाला १० वाटलेलं दुसऱ्याला २५ वाटतं. डिजिटल मीटर कागदावर प्रकाश टाकून परत आलेला प्रकाश मोजतं, त्यामुळे डोळ्यांचा वाद मिटतो. पॅलिनटेस्ट कंपनीचं डिजिटल आर्सेनेटर हे यातलं बरंच वापरलं जाणारं साधन. त्याला ५० मिलि पाणी आणि २० मिनिटं लागतात आणि ते २ ते १०० मायक्रोग्रॅमपर्यंतचा आकडा देतं. काही किटमध्ये मोबाइलचा कॅमेरा हेच मीटर असतं. तिथे फोन बदलला की कॅमेरा बदलतो, म्हणून ज्या फोनवर कॅलिब्रेशन केलं तोच फोन मोहिमेच्या शेवटापर्यंत वापरा.

आर्सिन हा अतिशय विषारी वायू आहे आणि हायड्रोजन पेट घेतो. एका चाचणीत तयार होणारी मात्रा अगदी थोडी असली तरी काम उघड्यावर करा, वारा पाठीवर घ्या, बाटलीवर वाकून वास घेऊ नका आणि जवळपास कुणी बिडी पेटवली तर स्पष्ट शब्दांत विझवायला सांगा. हातमोजे आणि गॉगल काढायचे नाहीत. कागदाच्या चकतीत पारा आहे, तेव्हा ती चिमट्यानंच उचलायची.

निघण्याच्या आदल्या दिवशी

मुदत तपासा: पुड्यांची, गोळ्यांची, कागदांची. कोकणच्या दमट हवेत ही रसायनं मोठ्या शहरातल्या वातानुकूलित गोदामात राहतात तशी राहत नाहीत. जून ते सप्टेंबर कागदांची डबी एकदा उघडली की ओल पकडते आणि उन्हात राहिली तर कागद खराब होतो. डबी हवाबंद पिशवीत, आत सिलिका जेलची पुडी, आणि ती पिशवी बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवा. आम्लाची पूड दगडासारखी घट्ट झाली असेल तर ती पुडी फेकायच्या पिशवीत टाका, ठोकून बारीक करून वापरू नका.

मग घरीच एक कोरी चाचणी करा. आर्सेनिक नसलेलं पाणी घ्या. बॅटरीत घालायला मिळतं ते डिस्टिल्ड वॉटर चालतं. सगळ्या पायऱ्या पूर्ण करून मीटरवर शून्य किंवा मीटरच्या खालच्या मर्यादेच्या आतलं रीडिंग आलं पाहिजे. नाही आलं तर बाटली, कागद किंवा रसायन यांपैकी काहीतरी दूषित आहे आणि दुसऱ्या दिवशीची सगळी मेहनत वाया जाणार आहे. हे घरी कळलेलं बरं.

आसनगावला लोकलनं उतरून पुढे जीप, किंवा कल्याण स्टँडवरून मुरबाडची एसटी, असा प्रवास असेल तर नमुना टिकवायचं नायट्रिक ॲसिड बरोबर घेऊ नका. गर्दीच्या डब्यात त्याची बाटली नेणं धोक्याचं आहे. प्रयोगशाळेत नमुना पोचल्यावर त्यांच्याकडूनच ते घालून घेता येतं, आधी फोन करून ठरवा.

हापशावर

सकाळी जा. बायका पाणी भरत असतात त्या वेळी. याला दोन कारणं आहेत. सहा इंची बोअरमध्ये तीस मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ असेल तर त्यात पाचशे लिटरच्या वर पाणी असतं. रात्रभर पाइपात उभं राहिलेलं ते शिळं पाणी हापसून काढायला तुम्हाला पाऊण तास लागेल. गावानं सकाळी पन्नास हंडे भरले की ते काम आपोआप होतं आणि तुम्हाला ताजं भूजल मिळतं. दुसरं कारण म्हणजे त्या वेळी माणसं भेटतात. हापशाला उन्हाळ्यात पाणी राहतं का, कुठला हापसा फक्त कपड्यांसाठी आहे, नवा बोअर कधी मारला, हे सगळं रांगेतल्या मावशींना ग्रामपंचायतीच्या दप्तरापेक्षा चांगलं ठाऊक असतं. त्यांच्या रांगेच्या मध्ये घुसू नका. 'मावशी, तुमचे हंडे होऊ द्या, मग मला एक बाटली द्या,' असं म्हटलं की पुढचं संभाषण सोपं जातं. बंद पडलेला किंवा क्वचित वापरातला हापसा असेल तर मात्र निदान पाच-दहा मिनिटं हापसा, आणि नोंदीत तसं लिहा.

'आमचं पाणी गोड आहे, कशाला तपासता?' हे हमखास ऐकायला मिळेल. आर्सेनिकला चव नाही, वास नाही, रंग नाही. हे शांतपणे सांगा, घाबरवू नका.

बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा. पाणी वाहत्या धारेतून घ्या, हंड्यातून किंवा पिंपातून नाही. विहिरीत बादली सोडत असाल तर वरचा तवंग बाजूला होऊ द्या. मग चाचणी तिथेच, लगेच सुरू करा. यामागे चांगलं कारण आहे. पाण्यात लोह असेल तर हवा लागताच ते तांबूस गढूळ होऊन तळाशी बसतं आणि आर्सेनिकला स्वतःबरोबर खाली ओढतं. मग वरचं नितळ पाणी तपासलं तर आकडा खोटा कमी येतो. लालसर पाण्याच्या बोअरवर नमुना बाटलीत भरून 'संध्याकाळी निवांत करू' असं कधीही करू नका.

चाचणी, पायरीपायरीनं

प्रत्येक कंपनीच्या किटची पुस्तिका वेगळी असते. तीच अंतिम माना. खालचा क्रम सर्वसाधारण आहे.

१. सावलीत सपाट जागा शोधा. मंदिराचा ओटा, शाळेचा व्हरांडा. मीटर उन्हात तापू देऊ नका.

२. कोरडे हात किंवा नवे हातमोजे. चिमट्यानं कागदाची चकती बाटलीच्या झाकणातल्या खाचेत बसवा. चकती तिरकी बसली की वायू कडेनं निसटतो आणि डाग अर्धाच पडतो. झाकण बंद करण्याआधी एकदा डोळ्यांनी पाहा.

३. काही किटमध्ये झाकणात आणखी एक-दोन गाळण्या असतात. एक गंधकाचा वायू अडवते, दुसरी उरलेला आर्सिन बाहेर पडू देत नाही. त्यांचा क्रम उलटा झाला तर चाचणी बाद. रंगांवरून क्रम पाठ करा.

४. मीटर कोऱ्या, न वापरलेल्या चकतीवर शून्यावर आणा.

५. ५० मिलि पाणी मोजून घ्या. डोळा पाण्याच्या पातळीला, मग खूण वाचा. अंदाजे नको.

६. आम्लाची पुडी टाका, विरघळू द्या. सडक्या अंड्यासारखा वास आधीपासून येत असेल तर पाण्यात सल्फाइड आहे. ते वायूरूपात वर येऊन कागद काळा-तपकिरी करतं आणि आर्सेनिक नसतानाही मोठं रीडिंग दाखवतं. ज्या किटमध्ये ऑक्सिडीकरणाची वेगळी पुडी आहे तिथे ती इथेच वापरायची आणि सांगितलेली मिनिटं पूर्ण थांबायचं. वज्रेश्वरीच्या बाजूला काम करणाऱ्यांनी ही पायरी टाळायची नाही.

७. जस्ताची पूड किंवा गोळी टाकली की लगेच झाकण. इथे एक-दोन सेकंदही मोलाचे असतात, कारण वायू ताबडतोब निघू लागतो. झाकण एका हातात तयार धरूनच दुसऱ्या हातानं गोळी सोडा. गोळीला ओला हात लावू नका.

८. मोबाइलवर अलार्म. वीस मिनिटं म्हणजे वीस. पंधराव्या मिनिटाला उघडलं तर आकडा कमी येतो. या वेळात बाटली सांगितल्याप्रमाणे हलवा, उलटी करू नका, चकतीला पाणी लागता कामा नये.

९. चकती चिमट्यानं काढा, लगेच मीटरमध्ये घाला, वाचा, लिहा. चकतीचा फोटो घ्या, शेजारी नमुन्याचा क्रमांक लिहिलेला कागद ठेवून. मीटर काही कारणानं बिघडलं तर तो फोटोच साक्षीला उरतो.

रीडिंग मीटरच्या वरच्या टोकाला गेलं तर पाणी पातळ करून पुन्हा करा. १० मिलि नमुना, ४० मिलि डिस्टिल्ड वॉटर, आणि आलेल्या आकड्याला ५ नं गुणायचं. ४६ आलं तर मूळ पाण्यात २३०.

शून्य आलं, आता?

नवे कार्यकर्ते इथे सैल पडतात. सलग दहा हापशांवर शून्य आलं की अकराव्याला गोळी ओली होती का, झाकण घट्ट होतं का याकडे लक्ष राहत नाही, आणि शून्य तर तसंही येणारच असतं. मेलेल्या रसायनाचं शून्य आणि खरोखर आर्सेनिक नसलेल्या पाण्याचं शून्य पडद्यावर अगदी सारखं दिसतं. म्हणून आपल्या जिल्ह्यात काम करताना मी सर्वांत जास्त भर याच भागावर देते.

प्रयोगशाळेकडून लिटरमागे १ मिलिग्रॅम ताकदीचं आर्सेनिकचं प्रमाणित द्रावण थोडंसं बनवून घ्या. त्या दिवशी शून्य आलेल्या एखाद्या हापशाचं ५० मिलि पाणी घ्या आणि त्यात सिरिंजनं हे द्रावण अर्धा मिलि घाला. आता त्या बाटलीत लिटरमागे जवळपास १० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असायला हवं. पूर्ण चाचणी करा. मीटरनं ८, १०, १२ असं काही दाखवलं तर तुमची रसायनं जिवंत आहेत, हात बरोबर चाललाय आणि त्या पाण्यातलं दुसरं काही चाचणीला आडवं येत नाही. पुन्हा शून्यच दाखवलं तर त्या दिवसाची सगळी शून्यं बाजूला ठेवा. मोहिमेच्या प्रत्येक दिवशी हे एकदा तरी झालंच पाहिजे. द्रावणाची बाटली वेगळ्या आकाराची, मोठ्या अक्षरांत 'विष' लिहिलेली असू द्या. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत ते कधीच भरायचं नाही, पाड्यावर लहान मुलं असतात.

याशिवाय दर दहा नमुन्यांमागे एक चाचणी दोनदा करा, शक्य तर दुसऱ्या माणसानं, पहिला आकडा न सांगता. एकदा ८ आणि एकदा ११ आलं तर त्यात भांडण नाही, किटची अचूकता तेवढीच. ८ आणि ३० आलं तर तिसऱ्यांदा करा आणि काय वेगळं झालं ते शोधा.

यावरूनच आकडा कसा वाचायचा तेही ठरतं. मीटर ९ म्हणालं म्हणून सुरक्षित आणि ११ म्हणालं म्हणून असुरक्षित, असा निवाडा किटवर देऊ नका. साधारण ५ ते १५ च्या पट्ट्यातलं प्रत्येक रीडिंग प्रयोगशाळेत पाठवा. ५० च्या वर आलं तर फेरचाचणी करा, पण लोकांना ते पाणी पिणं थांबवायला सांगण्यासाठी अहवालाची वाट पाहू नका.

नोंद

कोबोटूलबॉक्स किंवा ओडीके यांसारखी फॉर्मची ॲप ऑफलाइन चालतात. माळशेजच्या पायथ्याला नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे फॉर्म कल्याणलाच उतरवून घ्या. जीपीएसची अचूकता पाच मीटरच्या आसपास येईपर्यंत थांबा. एकाच पाड्यात हापसा आणि विहीर वीस पावलांवर असतात आणि नकाशावर त्यांची अदलाबदल झाली तर चांगला स्रोत बंद होऊन वाईट चालू राहील. स्रोताचा प्रकार, खोली, पाणी कशासाठी वापरतात, वेळ, किटचा लॉट क्रमांक, चाचणी करणाऱ्याची आद्याक्षरं हे सगळं हवं. खाजगी बोअर असेल तर मालकाचं नाव आणि फोन उघड नकाशावर टाकायचा नाही.

प्रयोगशाळेत

किट हे चाळणीसाठी असतं, निकाल प्रयोगशाळेचा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्हा आणि उपविभाग पातळीवर आहेत आणि ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक तिथे नियमित नमुने पाठवतात. आधी त्यांना भेटा. पाण्याच्या सुरक्षिततेसाठी गावाला हिरवं, पिवळं की लाल कार्ड मिळालंय हेही त्यांच्याकडून कळेल. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच महिलांना किटवर पाणी तपासायचं प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. त्या ताईंना बरोबर घेतलं तर तुम्ही परत गेल्यावरही काम चालू राहतं. नमुना प्लास्टिकच्या नव्या बाटलीत, काठोकाठ, बाहेरून खोडता न येणाऱ्या शाईनं क्रमांक घालून द्या. आर्सेनिकची चाचणी हवी आहे असं स्पष्ट लिहून द्या, कारण नेहमीच्या तपासणीत ती असेलच असं नाही.

गावात काय सांगायचं

आकडा आधी हापशापाशी जमलेल्या घोळक्यात ओरडून सांगू नका. सरपंच, ग्रामसेवक, आशाताई यांना बसवून सांगा आणि लेखी द्या. नंतर लोकांना साध्या भाषेत सांगायच्या गोष्टी अशा: पाणी उकळून आर्सेनिक जात नाही, उलट पाणी आटून ते थोडं वाढतं. टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किंवा तुरटी फिरवलेलं घरचं भांडं यावर विसंबू नका. अंघोळ, कपडे, भांडी यांसाठी ते पाणी चालतं. पिणं आणि भात-आमटी शिजवणं यासाठी चालत नाही, कारण भात पाणी शोषून घेतो.

बांगलादेशात २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे ५० लाख नळकूप किटवर तपासून सुरक्षित ते हिरवे आणि धोक्याचे ते लाल रंगवले गेले. कल्पना चांगली. पण लाल रंग दिला आणि जवळ दुसरं पाणीच नसलं तर बाईनं हंडा कुठे न्यायचा? मुंबईला पाणी देणारी तानसा, भातसा आणि वैतरणेची धरणं शहापूरच्या बाजूला आणि तिथल्याच पाड्यांवर मेमध्ये टँकर येतो, हे आपल्याला माहीत आहे. म्हणून एक स्रोत बंद करायला सांगताना त्याच कागदावर दुसरा कुठला वापरायचा ते लिहा. हापसा सोडून लोक उघड्या विहिरीवर गेले तर पावसाळ्यात जुलाब-गॅस्ट्रो पसरू शकतो. बंगालमध्ये नळकूप मारले गेले तेच मुळात दूषित तळ्यांच्या पाण्यातून होणारे हगवणीचे आजार टाळायला. विहिरीचं क्लोरिनेशन आणि जंतूंची चाचणी आधी, मग बदल.

गाळण यंत्र विकायला कुणीतरी येईलच. लोहाच्या ऑक्साइडवर चालणारी गाळणी आणि आरओ दोन्ही काम करतात, पण आर्सेनिकचं एक रूप विद्युतभाररहित असल्यानं सहज निसटतं. त्याला आधी क्लोरीनसारख्या ऑक्सिडीकारकानं बदलावं लागतं. यंत्रातून निघालेलं पाणीही तुमच्याच किटवर महिन्यागणिक तपासा आणि आरओचं सांडपाणी परसातल्या भाजीला घालू देऊ नका.

आणि आर्सेनिक शून्य म्हणजे पाणी पिण्यालायक, असं कुणालाही म्हणू देऊ नका. पावसाळ्यात पाड्यावरच्या विहिरीत खरी भीती मैलाची असते, खाडीकाठी खारेपणाची. अहवालावर 'फक्त आर्सेनिकसाठी तपासलं' हे वाक्य ठळक छापा.

परत आल्यावर

वापरलेल्या चकत्या पाऱ्यामुळे घातक कचरा आहेत. त्या झिपच्या पिशवीत परत आणा आणि रसायनाचा कचरा नियमानं देणाऱ्या महाविद्यालयाच्या किंवा प्रयोगशाळेच्या ताब्यात द्या. तळोज्याला घातक कचऱ्याची मोठी सोय आहे, पण तिथवर तो संस्थेमार्फतच जातो. बाटलीतलं उरलेलं आम्लधर्मी पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा शेतात ओतायचं नाही. कॅनमध्ये जमा करून तेही सोबत आणा. बाटल्या साबणाशिवाय धुवा, डिस्टिल्ड वॉटरनं विसळा, उलट्या टाकून पूर्ण वाळवा. मीटरची खाच मऊ कोरड्या कापडानं पुसा, सेल काढून ठेवा, आणि तक्ता त्याच रात्री भरा. त्याच स्रोतांची दुसरी फेरी पावसानंतर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावा आणि तिसरी मेमध्ये, पाणी सर्वांत खोल गेलेलं असताना. शक्यतो माणसं तीच, हापसे तेच, आणि पुड्यांचा लॉट बदलला असेल तर सुरुवातीला पुन्हा एक कोरी चाचणी आणि एक १० मायक्रोग्रॅमची.